टोकाकडचे दोन इंच : खानापूर तालुक्यातल्या एका वडिलोपार्जित दुनळीचे प्रकरण

बंदूक शंभर वर्षांच्या आसपासची आणि नळ्या मात्र तुकतुकीत काळ्या, ही गोष्ट पहिल्याच नजरेत खटकली. या वयाच्या नळ्या तपकिरीकडे झुकतात, हात लागतो तिथे राखाडी होतात. इथे मात्र एकसारखा काळा रंग होता आणि दोन नळ्यांच्या मधोमध बसवलेल्या पट्टीच्या, म्हणजे रिबच्या, कडेला पांढरट पूड साचलेली होती. पुढे या प्रकरणातले निम्मे काम त्या पुडीभोवतीच फिरले.

भीमगड अभयारण्याच्या अंगाला असलेल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातल्या शेतकरी घराची ही दुनळी. आज्जांनी घेतली, वडिलांनी सांभाळली आणि वडील वारल्यावर ती थोरल्या नातवाकडे यायची होती. नातू बेळगावला उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मशीन शॉप बघतो. माझीही उमेदीची वर्षे त्याच भागात टूल रूम आणि मोजमापाच्या खात्यात गेली. जुन्या बंदुकांचा अभ्यास त्यातूनच लागला. त्या ओळखीवर त्याने मला बोलावले. ‘‘काका, एकदा बघून सांगा की, नव्यासारखी करायला काय काय लागेल.’’

घरच्यांच्या मनात दोन गोष्टी होत्या. खंडेनवमीला पूजेत ठेवायची तेव्हा ती झळझळीत दिसावी आणि बहिणीच्या लग्नात वरात दारात आली की दोन बार काढावेत. दुसरी गोष्ट तिथल्या तिथे बाद झाली. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात आनंदोत्सवातल्या गोळीबाराची वेगळी तरतूद आली आहे. बेपर्वाईने बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय त्या नळ्यांतून बार काढावा की नाही, हा प्रश्न कायद्याच्या आधी धातूचा होता. पण धातूपर्यंत पोचायला बराच वेळ लागला, कारण आधी कागद.

कागदपत्रे आणि मध्ये आलेली हद्द

आज्जांचे जुने परवाना-पुस्तक घरात जपून ठेवलेले होते. त्यावर जिल्हा मॅजिस्ट्रेट, बेळगाव, आणि मुंबई राज्य. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याकडून १९५३ साली बंदूक घेतल्याची नोंद. (घरातली आख्यायिका वेगळी आहे, साहेब विलायतेला जाताना देऊन गेला अशी. कागद मात्र निपाणीचे नाव सांगतो आणि मी कागदाच्या बाजूचा.) १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबईत विलीन झाले होते, म्हणजे त्या पुस्तकाच्या काळात बेळगाव, कोल्हापूर, रत्नागिरी हे सगळे एकाच राज्यात. दुनळीचे काही बिघडले की आज्जा ती कोल्हापूरला नेत. शिकारीचा शौक असलेले संस्थान, तिथे कारागीर चांगले. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. माणसांची ये-जा तशीच राहिली, बंदुकीची मात्र राहिली नाही.

हे सांगायचे कारण असे की नातवाचा पहिला बेत कोल्हापूरचाच होता. ‘‘कागलपर्यंत तर जायचं, दीड-दोन तासांचं काम.’’ पण शस्त्र परवान्यावर हद्द लिहिलेली असते. वडिलांच्या परवान्यावर ती कर्नाटकापुरती होती. संपूर्ण भारताची मुभा वेगळी मागावी लागते. कोगनोळीचा सीमेवरचा नाका ओलांडला की हातातली परवान्याची बंदूक बिनपरवान्याची होते. तेव्हा काम बेळगावातच, दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे करायचे ठरले. आणि तेही लगेच नाही, कारण वडील गेल्यानंतर घरात बंदूक ठेवायला अधिकृत असे कोणी उरलेच नव्हते.

बहुतेक घरे इथेच चुकतात. परवाना माणसाचा असतो, बंदुकीचा किंवा घराचा नव्हे. परवानाधारक वारला की १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. या घरात ती माळ्यावर होती. वाईट हेतू कुणाचा नव्हता, दुःखात कुणाला सुचले नव्हते इतकेच. नातवाने ती विक्रेत्याकडे जमा केली आणि पावती घेतली. कपाटातली वडिलांची काडतुसेही दिली. कागदी टरफले दमट हवेने फुगलेली होती, ती कुठल्याच नळीत बसली नसती, पण काडतूस हेही परवान्याखालीच येते.

गावातले दोन सल्ले इथे आडवे आले. पहिला : ‘‘अरे, शंभर वर्षांची ती. अँटिक झाली. तिला कसला परवाना?’’ शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या नमुन्याच्या आणि पुराणवस्तू-मूल्याच्या शस्त्रांना सूट आहे खरी. पण अट अशी की ते शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालण्याजोगे नसावे. ही दुनळी बारा बोअरची, मागून काडतूस भरायची. बारा बोअरचे काडतूस आजही दुकानात मिळते. वयाने सूट मिळत नाही. दुसरा सल्ला कोडगूचा : तिथे बिनपरवाना बंदुका असतात, आपणही कर्नाटकातच ना? कोडगूची सूट कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा (वंशपरंपरेने धारण केलेल्या) जमिनीच्या धारकांना आहे, जिल्ह्याला किंवा राज्याला नाही.

वारसाहक्काने परवाना मागायचा रस्ता २०१६ च्या शस्त्र नियमांत स्पष्ट दिलेला आहे. परवानाधारक वारल्यावर तर तो मिळतोच, पण हयातीतही सत्तरी ओलांडली किंवा बंदूक २५ वर्षे बाळगली की परवानाधारकाला आपल्या कायदेशीर वारसांपैकी एकाचे नाव सुचवता येते. वडिलांनी तसे केले असते तर पुढची धावपळ वाचली असती. ज्यांच्या घरात सत्तरी ओलांडलेले परवानाधारक आहेत त्यांनी हे वाचून उद्याच कामाला लागावे, असे मी कळकळीने सांगेन. इथे मग मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कचेरीतून) वंशावळ, आणि बाकीच्या वारसांची संमतिपत्रे. दोन आत्या, एक चंदगडला दिलेली, एक गडहिंग्लजला. दोघींनी महाराष्ट्रातून प्रतिज्ञापत्रे करून पाठवली. त्यात एका आत्यांच्या आधार कार्डावर सासरचे नाव आणि वंशावळीत माहेरचे, म्हणून फाइल एकदा परत फिरली. बंदूक सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घेऊन एस-१ नमुन्यातला दाखला जोडावा लागतो, तोही झाला. खेडे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर, म्हणून अर्ज डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे.

गाडी अडली ती नंबरावर. परवान्यावरच्या नंबराचा शेवटचा आकडा ३, बंदुकीवर वाचले तर ८. कुठल्या तरी नूतनीकरणाच्या वेळी कुणीतरी गंजातून वाचून उतरवला असणार आणि तोच पुढे राष्ट्रीय शस्त्र-परवाना नोंदीत गेला. अशा वेळी घरी घासून आकडा ‘स्पष्ट’ करायचा मोह होतो. नंबरावर घासल्याची एक रेघ जरी दिसली तरी नंबर पुसल्याचा संशय येतो, आणि तो फार गंभीर गुन्हा आहे. आम्ही तिथे तेलाचा बोळासुद्धा लावला नाही. जिल्हा सशस्त्र राखीव दलाच्या आर्मररने, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणाऱ्याने, भिंगाखाली बघितले. नंबर नळीवर, कुंद्याखालच्या पट्टीवर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर असा तीन ठिकाणी होता. तिन्हीकडे ८. नोंद दुरुस्त झाली, परवाना नातवाच्या नावावर झाला, आणि मग कुठे दुनळी कामाच्या टेबलावर आली.

टोकाकडचे दोन इंच

घरात सगळे या बंदुकीला रायफल म्हणत आले होते. कागदांवर ती डबल बॅरल ब्रीच लोडिंग, बारा बोअर, म्हणजे छर्ऱ्याची गुळगुळीत नळीची बंदूक. आज्जांचा शब्द सैल असेल असे मीही धरून चाललो होतो. पण रिबवर, मागच्या बाजूला, दोन छोट्या पानांची उघडझाप करणारी माशी, म्हणजे नेम धरायची खूण, होती. एका पानावर ५०, दुसऱ्यावर १०० यार्ड कोरलेले. उडत्या पाखरावर छर्रे मारणाऱ्याला १०० यार्डांचे पान कशाला लागेल?

डाव्या नळीचे तोंड एका बाजूने दबलेले होते. कधीतरी कोपऱ्यात उभी केलेली दुनळी फरशीवर पडली असावी. त्यावर आधी कुणीतरी नातवाला सोपा उपाय सांगून ठेवला होता : टोकाकडचे दोन इंच कापून टाका, तोंड सपाट करून घ्या, लेथवर दहा मिनिटांचे काम. उद्यमबागेत लेथ आणि हात दोन्ही उत्तम आहेत, यात शंका नाही. पण परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा सहाव्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि बंदुकीची दुरुस्तीही पाचव्या कलमाच्या परवान्याशिवाय करता येत नाही, मग कारागीर कितीही तयारीचा असो.

बेळगावच्या त्या परवानाधारक कारागिराला सगळे उस्ताद म्हणतात. उस्तादांनी बांबूची काडी घेतली, टोकाला मऊ सुती चिंधी गुंडाळली, रॉकेलमध्ये बुडवली आणि उजव्या नळीच्या तोंडाशी हळूहळू फिरवायला सुरुवात केली. चिंधी काळी निघाली, मग तपकिरी, मग शिशाच्या करड्या चकाकीची. वाळून कडक झालेले तेल, शिसे आणि गंज यांचा थर होता तो. चार-पाच चिंध्या झाल्यावर त्यांनी टॉर्च तिरका धरला. नळीच्या अगदी शेवटच्या दोन इंचांत, करवतीच्या दात्यांसारखे एका बाजूला कललेले, रुंद, उथळ आटे, रायफलच्या नळीत गोळीला फिरकी द्यायला असतात तसे, फिरत गेलेले दिसले. त्याच्या मागे नळी पूर्ण गुळगुळीत. ‘‘आज्जा बरोबर बोलत होते बघ,’’ उस्ताद नातवाला म्हणाले. त्याने टॉर्च हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिला.

हा पॅराडॉक्स पद्धतीचा नमुना आहे. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले आणि हिंदुस्थानात नोकरी केलेले कर्नल जॉर्ज फॉस्बेरी यांनी १८८५ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या घराण्याने अशा बंदुका केल्या. कल्पना साधी : पूर्ण नळीला आटे पाडले तर छर्रे विखुरतात, पूर्ण गुळगुळीत ठेवली तर एकच जड गोळी नेमकी जात नाही. म्हणून आटे फक्त टोकाला. तीच बंदूक सकाळी छर्ऱ्याने तित्तिर मारते आणि दुपारी शंभर यार्डांपर्यंत जड गोळीने रानडुक्कर थांबवते. जंगलात पुढच्या वळणावर काय उभे असेल हे ठाऊक नसणाऱ्या इथल्या शिकाऱ्यांसाठी ती फार सोयीची होती. पेटंटची मुदत संपल्यावर इतरांनीही त्या धर्तीवर बंदुका केल्या. ही त्यांतलीच एक.

वय ठरवले शिक्क्यांवरून. नळ्या उतरवून खालची सपाट बाजू बघितली. मुकुटाखाली बीपी, मुकुटाखाली बीव्ही, आणि मुकुटाखाली एनपी. हे बर्मिंगहॅम प्रूफ हाऊसचे, म्हणजे नळ्यांची दाब-चाचणी करणाऱ्या संस्थेचे, १९०४ नंतरचे शिक्के. एनपी म्हणजे ती काळ्या दारूपुरती नाही, निर्धूर दारूच्या जास्त दाबाचीही चाचणी झालेली आहे. चौकटीत १२ आणि सी आहे, पण काडतुसाच्या घराची लांबी इंचात कोरलेली नाही. ती कोरायची पद्धत १९२५ च्या नियमांपासूनची. म्हणजे १९०४ ते १९२५ च्या दरम्यान. रिबवर मुंबईच्या एका विक्रेत्याचे नाव आहे, बनवणाऱ्याचे नाही. त्या काळी बर्मिंगहॅममध्ये बंदूक करायची आणि विकणाऱ्याचे नाव घालायचे, ही सर्रास चाल होती.

ज्या दोन इंचांमुळे या दुनळीला तिचे वेगळेपण आहे, तेच दोन इंच कापून टाकायचा सल्ला मिळाला होता. वस्तू वाचण्याआधी तिला हत्यार लावू नये, एवढेच मला या सगळ्या प्रकरणातून सांगायचे आहे. बाकीचे त्यामागून येते.

आट्यांची माहिती नातवाने फोटोंसह लेखी परवाना अधिकाऱ्यांना कळवली, म्हणजे पुढच्या तपासणीत वर्णन आणि वस्तू यांत फरक निघायला नको.

मोजमाप

बंदूक कारखान्यात न्यायची नाही, म्हणून मापाची साधने उस्तादांच्या दुकानात नेली. हायड्रॉलिक सिलिंडरसाठी वापरतात तेच बोअर गेज. बारा बोअरचे नाममात्र माप ०.७२९ इंच. प्रूफचे माप मागच्या तोंडापासून नऊ इंचांवर घेतात, तिथेच आम्हीही घेतले. उजवी दोन थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त, डावी चारने. पुढची प्रूफची पायरी ०.७४० ची, म्हणजे नळ्या प्रूफच्या हद्दीत आहेत, कुणी आतून घासून रुंद केलेल्या नाहीत. जाडीही पुरेशी. काडतुसाचे घर ६५ मिलिमीटरचे निघाले, म्हणजे जुने अडीच इंची.

या ६५ मिलिमीटरवर थोडे थांबायला हवे, कारण इथे जीव जाऊ शकतो. बाजारात ७० मिलिमीटरची काडतुसे सर्रास मिळतात. काडतुसाची लांबी मोजतात ती तोंड उघडल्यानंतरची, म्हणजे बार झाल्यावरची. न वापरलेले, तोंड दुमडलेले ७० चे काडतूस ६५ च्या घरात निमूट बसते. बंदूक बंद होते, काही अडत नाही, आणि माणसाला वाटते ठीक आहे. बार होताना दुमड उघडायला जागा मिळत नाही, ती पुढच्या निमुळत्या भागात घुसते, वाट अरुंद होते आणि दाब नको तितका वाढतो. जुनी दुनळी वारशाने मिळालेल्या प्रत्येकाने आधी ही लांबी परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्यावी. काडतूस बसले म्हणजे चालते, असा अर्थ कधीच काढू नये.

पांढरी पूड

मग रिबकडे वळलो. नळ्या लाकडापासून वेगळ्या करून उस्तादांनी त्या खालच्या हुकाने एका बोटावर टांगल्या आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली. नळ्या आणि रिब एकमेकांना घट्ट जोडलेल्या असतील तर देवळातल्या घंटेसारखा लांबणारा नाद येतो. इथे आला तो बसका, खरखरीत आवाज. रिब कुठेतरी सुटली होती.

दोन नळ्या आणि वरची-खालची रिब एकमेकांना कथील-शिशाच्या डाकाने जोडलेल्या असतात. हा डाक मऊ, साधारण १८३ अंशांना वितळू लागणारा. नळ्यांना मूळचा काळा रंग देतात तो संथ गंजाने : गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात त्या लाल गंजाचे काळे ऑक्साइड करायचे, तारेच्या मऊ ब्रशने पुसायचे, पुन्हा तेच. दिवसच्या दिवस जातात, पण डाकाला धक्का लागत नाही. झटपट पद्धत दुसरी आहे. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या १४० अंशांच्या आसपास उकळणाऱ्या द्रावणात बुडवायचे, अर्ध्या तासात तुकतुकीत काळा रंग. एकनळी बंदुकीला, रायफलला ती चालते. दुनळीला नाही, कारण कॉस्टिक कथील खाते आणि रिबखालच्या पोकळीत शिरलेले द्रावण परत निघत नाही.

धाकट्या काकांना विचारले. ‘‘होय की, मीच करून आणली होती काळी. चाळीस वर्षं झाली असतील. केवढी छान दिसत होती तेव्हा!’’ मग काय झाले? ‘‘मग दर पावसाळ्यात कडेला पांढरं यायचं. आम्ही पुसायचो.’’

खानापूरचा पाऊस म्हणजे चार महिने ओल. रिबखाली अडकलेले क्षार ती ओल ओढून घेत, फटीतून पाझरत आणि वाळले की पांढरे होत. दरवर्षी डाक थोडा आणखी सुटत होता आणि फट आणखी रुंद होत होती. खात्री करायला पूड पाण्याच्या थेंबात कालवून लाल लिटमस लावला. तो लगेच निळा झाला. चाळीस वर्षांनंतरही आत अल्कली होती.

उपाय दोन होते. एक, रिब पूर्ण उघडून, आतून साफ करून नवा डाक देऊन बसवायची. हे खरे पुरते काम. पण त्यात नळ्या सगळ्या लांबीवर तापवाव्या लागतात, सरळपणा बिघडू शकतो, पॅराडॉक्समध्ये दोन्ही नळ्यांची गोळी एका जागी पडावी म्हणून केलेली जुळणी जाऊ शकते, आणि नंतर सगळे पुन्हा काळे करावे लागते. दुसरा, रिब तशीच ठेवून क्षार धुऊन काढायचे. उस्ताद आणि मी यावर बराच वाद घातला. त्यांचे म्हणणे, अर्धवट काम नको. माझे म्हणणे, जी बंदूक डागायचीच नाही तिच्या नळ्या तापवायच्या कशाला?

डागायची की नाही हे मात्र घराने ठरवायचे होते. दबलेले तोंड सरळ करायला नळीत घट्ट बसणारी गुळगुळीत दांडी घालून बाहेरून ठोकतात. इथे आत आटे आहेत, त्या दांडीने ते चेपले जातील. तोंड दबलेले ठेवले तर डावी नळी डागता येत नाही. रिब सुटलेली ठेवली तर दोन्ही नाहीत. नातवाची आई तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, ‘‘शिकार १९७२ च्या कायद्यानं गेली. लग्नातला बार तुम्हीच नको म्हणालात. मग डागायची कुणावर? गंज थांबवा, बाकी आज्जांनी जशी ठेवली तशी राहू दे.’’ उस्तादांना ते पटले.

मग नळ्या शुद्ध पाण्यात उकळायच्या, पाणी बदलायचे, पुन्हा उकळायच्या, असे चालू ठेवले. १०० अंशांना डाक सुरक्षित राहतो. सुरुवातीच्या पाण्यात लिटमस ठार निळा होई, हळूहळू फिका. रंग बदलायचा थांबल्यावर नळ्या उन्हात पूर्ण वाळवल्या, फटीत पाणी हटवणारे पातळ तेल सोडले, ते निथळू दिले आणि फटीच्या तोंडाला मेण भरले. तापवले की मेण निघून येते. उद्या कुणाला रिब उघडायची असेल तर त्याची वाट अडणार नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा काळा रंग तसाच ठेवला. तो मूळचा नाही, पण काढायचा तर नळ्यांची वरची कातडीच घासावी लागेल आणि शिक्के, कोरीव अक्षरे बोथट होतील.

कुंकू, खोबरेल आणि पितळेची पट्टी

लोखंडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना नाजूक वेलबुट्टी कोरलेली आहे आणि तिच्यावर ओळीने गोल खड्डे होते. पाच. बोटांच्या अंतराने. दरवर्षी खंडेनवमीला ओले हळदीकुंकू तिथेच लावले जाई आणि दसऱ्यानंतर कुणीतरी पुसेपर्यंत ते तिथेच राही. ओल आणि क्षार एका जागी वर्षानुवर्षे बसले की पोलाद खाल्ले जाते. उस्तादांनी तेल मुरवून, जुन्या तांब्याच्या नाण्याच्या कडेने लाल गंज तेवढा खरवडला. तांबे पोलादापेक्षा मऊ, म्हणून गंज निघतो आणि धातूवर ओरखडा येत नाही. खड्डे भरले नाहीत. कितीतरी वर्षांच्या पूजेचे ते ठसे आहेत. आता आयुधासमोर नारळ ठेवतात आणि कुंकू नारळाला लावतात. हे वहिनींनीच, म्हणजे नातवाच्या आईनेच, सुचवले.

घरात तेल म्हणजे खोबरेल. ते २४ अंशांच्या खाली थिजते आणि बेळगावच्या थंडीत तर हमखास. आतल्या कळांवर (बार उडवणाऱ्या हातोड्यांवर), चापाच्या खाचांवर पिवळट चिकट थर बसला होता. चाप ओढला की कळ रेंगाळत पडे. अशी कळ नको तेव्हाही पडू शकते. सगळे उघडून, धुऊन, यंत्राचे हलके तेल अगदी थेंबभर दिले. उघडताना उस्तादांनी प्रत्येक स्क्रूसाठी पेचकसाचे टोक वेगळे घासून घेतले. या स्क्रूंच्या खाचा केसासारख्या बारीक असतात, साधा पेचकस लावला की कड फाटते. कुठल्या खाचेची कड फाटलेली आहे यावरून बंदूक आधी कुणाच्या हातात पडली होती ते कळते. इथे दोनच फाटलेल्या होत्या.

लाकूड अक्रोडाचे. कुंद्याच्या मनगटाशी जुनी चीर आणि तिच्यावर पितळेची पट्टी गुंडाळून बारीक खिळ्यांनी ठोकलेली. गावातल्या तांबटाने आज्जांच्या हयातीत केलेले काम. खोबरेलातली आम्ले पितळेला लागून तिच्या कडेने हिरवा चिकट गंज आला होता. पट्टी काढून लाकडाला लाकूड जोडावे, असे नातवाला वाटत होते. पट्टी घट्ट आहे, चीर वाढत नाही, आणि ज्याने ठोकली त्याला आपण काय करतोय हे ठाऊक होते. मी ती ठेवायला सांगितली. हिरवा गंज काढला, तेल पिऊन काळे पडलेले लाकूड खडूची पूड आणि सॉल्व्हेंटच्या लेपाने पुन्हा पुन्हा शोषून काढले. मग जवसाच्या तेलात रतनजोत भिजवून हाताने चोळले. विलायती कुंद्यांचा लालसर रंग अल्कानेटच्या मुळाने येई. स्वयंपाकात तर्रीला रंग आणणारी आपली रतनजोत त्याच कुळातली. एकदा चोळायचे, वाळू द्यायचे, पुन्हा. घाई केली तर तेल चिकट राहते.

आजची स्थिती

नळ्या आणि कुंदा वेगवेगळे, कुलूपबंद लोखंडी कपाटात, सुती कापडावर. चामड्याची जुनी पिशवी शेजारी ठेवली आहे, पण रिकामी, कारण चामडे ओल धरते. कळा ताणलेल्या राहू नयेत म्हणून नातवाने पितळ-नायलॉनची दोन खोटी काडतुसे लेथवर करून घेतली. त्याच्या कारखान्यात करता येण्याजोगे या कामातले हे एकच. निवडणूक आली की बंदूक जमा करावी लागू शकते आणि जमा ठेवीत ती कशी राहील यावर आपला ताबा नसतो, म्हणून प्रत्येक वेळी फोटो, स्थितीचे लेखी वर्णन आणि त्यावर पोच घ्यायचे ठरले आहे.

पहिल्या पावसाळ्यानंतर रिबच्या कडेला पूड आलेली नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मेण काढून फटीत पुन्हा लिटमस लावायचा आहे. तो निळा झाला, तर रिब उघडायची की नाही हा वाद उस्ताद पुन्हा काढतील आणि तेव्हा त्यांचे ऐकावे लागेल.